आमच्या घराण्याचे कुलचिन्ह

मराठी माणसाची ओळख तीन प्रश्नांत पुरी होते. पहिला, "आपलं आडनाव?" दुसरा, "म्हणजे मूळचे कुठले?" आणि तिसरा, "मग अमक्या गावचे तमके तुमचे कोण?" नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात, तर कंडक्टर तिकीट द्यायला येईपर्यंत हे तिन्ही प्रश्न होऊन गेलेले असतात आणि वारंगा फाटा येईपर्यंत शेजारच्या गृहस्थांचं आणि तुमचं काही ना काही नातं निघालेलं असतं. नातं निघालं म्हणून ते खिडकीची जागा देत नाहीत, पण कागदाच्या पुडीतल्या चार शेंगा देतात. खरं पाहता हे इतिहाससंशोधनच आहे. फक्त त्याला विद्यापीठाचं अनुदान मिळत नाही, एवढंच.

आमचं गाव डोंगरकडा. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. १९९९ पर्यंत जिल्हा परभणी. गावाच्या नावात डोंगरही आहे आणि कडाही आहे; पण नव्या माणसाच्या नजरेत भरतात त्या केळीच्या बागा. आता गावाचं नाव इतकं भारदस्त असल्यावर आमचं आडनाव डोंगरकडेकर असायला काय हरकत होती? पण ते तसं नाही, आणि गावातल्या दुसऱ्या कुणाचंही ऐकलेलं नाही. त्याचं कारण सोपं आहे. डोंगरकड्यात सगळेच डोंगरकड्याचे. तिथं एकट्यालाच डोंगरकडेकर म्हणून करायचं काय? हे 'कर' गाव सोडल्यावर चिकटतात. नांदेडकर नांदेडात होत नाही, तो पुण्याला गेल्यावर होतो. होळकरांचं गाव नीरेकाठचं होळ. ते होळातच राहिले असते तर त्यांना होळकर म्हणायचं कुणाला सुचलं नसतं. आडनावात गाव असणं म्हणजे त्या माणसाच्या कुठल्यातरी आजोबानं एके दिवशी बोचकं उचललं होतं, याची ती पावती असते.

आमचं खरं आडनाव मी इथं मुद्दामच सांगत नाही. भावकी मोठी आहे आणि प्रत्येक घरात एक इतिहासकार बसलेला आहे.

या शांत जीवनात खडा पडला तो बुडापेस्टहून. माझा पुतण्या तिथं नोकरीला आहे. त्याच्या घरमालकाच्या दिवाणखान्यात एक तसबीर टांगलेली आहे. निळी ढाल, तिच्यावर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला सिंह आणि सिंहाच्या पंजात तलवार. सतराव्या शतकात राजानं त्यांच्या कुठल्याशा खापरपणजोबाला दिलेलं ते सरदारकीचं पत्र. घरमालकानं ते कौतुकानं दाखवलं आणि रीतीला धरून विचारलं, "तुमच्या घराण्याचं चिन्ह काय?" आता आमच्या घराण्याचं शौर्य पाहा. पोरगं जराही न डगमगता म्हणालं, "आहे ना. पण ते काकांकडे आहे." आणि त्याच रात्री काकांना फोन!

मी फोन ठेवला आणि आमच्या हिला विचारलं, "आपल्या घराण्याचं चिन्ह काय असेल गं?"

"न विचारता दुसऱ्याच्या भानगडीत पडणं," ही निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली. हे ढालीवर रंगवायला अवघड होतं, म्हणून मी संशोधनाला लागलो.

कुठलंही संशोधन आपल्यापासून दूरच्या देशापासून सुरू करावं. तिथं आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. म्हणून मी आधी हंगेरी घेतली, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ही माणसं आपल्यातलीच. हंगेरियन माणूस आडनाव आधी लिहितो आणि नाव नंतर. युरोपात ही रीत बहुतेक त्यांच्यापुरतीच, आणि आपल्याकडे मतदारयादीपुरती. आडनावंही ओळखीची. कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी, हालास म्हणजे कोळी, युहास म्हणजे मेंढपाळ. नॉज म्हणजे थोरला आणि किश म्हणजे धाकटा. आपल्या थोरातांनी आणि लहान्यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू करायला हरकत नाही. होर्वात हा क्रोएशियाकडून आलेला, नेमेत जर्मन, तोत स्लोवाक. आपल्याकडे कानडे, तेलंग, गुर्जर बसलेत तसे. आणि सगळ्यात गंमत म्हणजे त्यांच्याकडेही 'कर' आहे! गावाच्या नावाच्या शेवटी 'इ' लावली की झालं. सेगेद गावचा तो सेगेदी, बुदाचा तो बुदाई. पुढं थोरामोठ्या घराण्यांनी या 'इ'साठी जुन्या वळणाचं दुसरं अक्षर धरून ठेवलं, म्हणजे साध्या माणसाच्या पंगतीला बसायला नको. आपल्याकडे आडनावापुढे कंसात 'पाटील' लिहितात, त्यातलाच प्रकार.

या 'इ'वाल्यांपैकी एक गृहस्थ तर हिंदुस्थानातच येऊन राहिले. त्यांचं नाव कोरोशी चोमा शांदोर. म्हणजे आपल्या हिशेबानं कोरोशकर. १७८४ साली ट्रान्सिल्वेनियातल्या कोरोश नावाच्या खेड्यात जन्मले. हंगेरियन लोक मूळचे कुठले, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला. 'मूळचे कुठले' हा प्रश्न एस.टी.त विचारून माणूस मोकळा होतो. हे गृहस्थ मात्र त्याचं उत्तर शोधायला आशियाच्या दिशेनं निघाले, बराचसा प्रवास पायी, आणि लडाखपर्यंत आले. तिथल्या मठांत थंडीत कुडकुडत तिबेटी शिकले. हंगेरियनांचं मूळ काही सापडलं नाही. पण १८३४ साली कलकत्त्याला त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश छापून निघाला. १८४२ साली ल्हासाला निघालेले असताना दार्जिलिंगला वारले. स्वतःच्या घराण्याचा पत्ता शोधायला निघाले आणि दुसऱ्याच लोकांच्या भाषेचा कोश करून ठेवला. वंशावळ शोधणाऱ्यांपैकी इतकं हाती लागलेला माणूस विरळाच. बाकीच्यांच्या हाती भावकीतली भांडणं लागतात.

आता चिन्हाकडे वळू. हंगेरीतलं सगळ्यात नामांकित चिन्ह आहे कावळ्याचं. नीट सांगायचं तर डोंबकावळ्याचं. १४०९ साली झिगमोंद राजानं वॉइक नावाच्या एका शिलेदाराला हुन्यदचा किल्ला आणि जहागीर दिली. तेव्हापासून घराणं हुन्यदी झालं, म्हणजे हुन्यदकर. वॉइकचा मुलगा यानोश यानं १४५६ साली बेलग्रेडला तुर्कांचा वेढा उधळला, आणि नातू मात्याश १४५८ साली थेट राजाच झाला. यांच्या ढालीवर चोचीत अंगठी धरलेला कावळा. त्यावरूनच या राजाला कोर्विनस, म्हणजे कावळेवाला, म्हणतात. कावळ्यानं अंगठी पळवली आणि पोरानं बाण मारून ती परत मिळवली, अशी कथा सांगतात. आपल्याकडेही कावळे आडनावाची सज्जन घराणी आहेत. पण आपण कावळ्याला वर्षातून एकदा पितृपक्षात बोलावतो आणि तो आला नाही तर आपल्यावरच रागावतो. चिन्ह नुसतं असून भागत नाही, मागं लढाई मारणारा मुलगाही लागतो.

या सगळ्यांत मला फार आवडले ते त्यांच्याकडचे बिनजमिनीचे सरदार. राजाकडं वाटायला जमीन उरली नाही की तो नुसतं चिन्हाचं पत्र द्यायचा. गाव नाही, शेत नाही, कूळ नाही; सोनेरी वेलबुट्टीचा कागद आणि त्यावर सिंह. हंगेरीत अशा सरदारांची मोठी जमात होती. शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन माणसाला मोकळ्या हातानं घरी पाठवण्याची कला आपणच शोधून काढली, असा माझा समज होता. तो अभिमान गेला. सिंहाचंही तसंच. हंगेरीच्या रानात सिंह नाही. ज्या चिताऱ्यानं तो रंगवला त्यानं जन्मात कधी सिंह पाहिलेला नसणार, आणि ज्याला तो मिळाला त्यानंही नाही. पण ढालीवर शेळी कोण मागून घेईल?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असलं काही नव्हतं का? होतं की. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा होती, आणि तीत सिंह नव्हता, तलवार नव्हती. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी कीर्ती होती, आणि तीही चांगल्या संस्कृतात. शिंद्यांच्या चिन्हात नाग आहे. गायकवाडांच्या आडनावाची कथा तर अशी सांगतात, की त्यांच्या पूर्वजानं गाईंना वाचवायला आपलं कवाड उघडलं. पण ढाल, शिरस्त्राण, दोन बाजूंना दोन जनावरं, असा युरोपी थाटाचा साज आपल्या संस्थानिकांना मिळाला तो १८७७ साली. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून लॉर्ड लिटननं दिल्लीला दरबार भरवला आणि राजेरजवाड्यांना रेशमी झेंडे वाटले. त्या झेंड्यांवरची चिन्हं आखून दिली बंगालच्या मुलकी सेवेतल्या एका साहेबानं. या चिन्हाला इंग्रजीत 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात, आणि साहेबाचं नाव होतं रॉबर्ट टेलर. कोट म्हटल्यावर टेलर आलाच! घराणी शंभर-दीडशे वर्षं लढून, जिंकून, हरून बसली होती, आणि त्यांची मापं घेऊन चिन्ह शिवलं गेलं शेवटी. आमच्या घराण्याचं माप घ्यायला काही टेलरसाहेब डोंगरकड्याला आले नाहीत.

तेव्हा मी घरातल्या दफ्तरखान्याकडे वळलो. आमचा दफ्तरखाना म्हणजे आमची आत्या. वय नव्वदीच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि भावकीतलं कोण कुणाचं कोण, हे नऊ पिढ्या मागं तोंडपाठ. मी विचारलं, "आत्या, आपल्या घराण्याची काही खूण आहे का गं? राजाबिजानं दिलेली?"

"राजानं काय देयाचं लेकरा?" आत्या म्हणाली, "आपलं देवक हाय की. उंबर. लग्नात मांडवात आनतेत ती फांदी कशाची म्हून समजलास?"

आणि मग तिनं मला देवकाचं शास्त्र सांगितलं. कुणाचं देवक आंबा, कुणाचं कळंब, कुणाचं पाच झाडांचे पंचपल्लव, मोऱ्यांच्यात मोराचं पीस. लग्नाआधी ते आणून पुजायचं. आपलं देवक जे असेल त्याला कुऱ्हाड लावायची नाही. आणि समोरच्या घराचंही तेच देवक निघालं, तर ते भाऊबंद. तिथं सोयरीक करायची नाही. म्हणजे खूण आहे, पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे, घराणं ओळखायच्या कामाची आहे. कुलचिन्हाला आणखी काय लागतं? उलट आपली रीत एक पाऊल पुढंच. ढालीवर सिंह रंगवणारानं सिंहाची शिकार करू नये, असा नियम युरोपात असल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे मी उत्साहानं पुतण्याला कळवलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "झाड? काका, तलवार वगैरे काही नाही?"

"उंबराखाली दत्त आहे," मी म्हणालो. पण त्याचं समाधान झालं नाही.

मग मी माळ्यावरची ट्रंक काढली. वर लग्नपत्रिका, त्याखाली सोसायटीचे कागद, आणि तळाला मोडीतल्या पाच-सहा पावत्या. फोटो काढून पुतण्याला धाडले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. आवाजात शिरस्त्राण चढलेलं! "काका, साल वाचलंत का? १३२०! घरमालकांना दाखवलं. ते उठून उभे राहिले. म्हणाले, तेव्हा आमच्याकडे कारोय रोबेर्त राजा होता!"

मी त्याला म्हटलं, बाळा, तेव्हा दिल्लीत तुघलक तख्तावर बसत होते, आणि आपल्याकडे शेतसाऱ्याच्या छापील पावत्या मिळत नव्हत्या. ही १३२० फसली आहे. फसल म्हणजे पीक. पिकाच्या हंगामावर बेतलेली ही महसुली कालगणना निजामाच्या राज्यात चालायची. तिच्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १९१०. आपल्या आजोबांनी भरलेला सारा आहे हा.

पलीकडं पुन्हा शांतता. "काका," तो हळूच म्हणाला, "हे त्यांना सांगायलाच हवं का?"

इतिहासाचा निम्मा भाग या एका प्रश्नातून तयार झालेला आहे, असं मला वाटतं.

त्या पावत्या वाचून घ्यायला मी एका निवृत्त मोडीवाचकांकडे गेलो. मोडी ही लिपी लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली आहे, वाचणाऱ्याच्या नव्हे. आधी कागदभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत सुटायचं. शब्द कुठं संपला हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतंच. एके काळी असले कागद वाण्याच्या पुड्यांना जायचे. वि. का. राजवाडे तसले रुमाल गोळा करत गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडानं छापली, म्हणून तेवढे तरी वाचले. आमच्या मोडीवाचकांकडे पूर्वी महिन्याकाठी एखादा माणूस यायचा. मी गेलो तेव्हा ओसरीवर रांग होती. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि तेव्हापासून मराठवाड्यातल्या सगळ्या ट्रंका माळ्यावरून खाली आल्या. मोडी, उर्दू, फारसी वाचणाऱ्यांना एकदम दिवस आले. रांगेत माझ्यापुढं एक शेतकरी बसले होते. त्यांनी मला विचारलं, "मालक, तुमी काय शोधायलाव?"

"घराण्याचं चिन्ह," मी म्हणालो.

"मी पोरीचं ॲडमिशन," ते म्हणाले.

मी माझी पिशवी जरा मागं सरकवली आणि पुढचा नंबर आला तेव्हा तोही त्यांनाच दिला. पणजोबाच्या नावापुढं कारकुनानं एक शब्द लिहिला की नाही, यावर इथं एका मुलीची चार वर्षं अवलंबून होती. आणि ज्यांच्या घरी ट्रंकच नाही, ज्यांच्या पणजोबाच्या नावावर सारा भरायला जमीनच नव्हती, ते तर रांगेतही नव्हते. कागद त्याचाच होतो, ज्याच्याकडून सरकारला काही घ्यायचं असतं.

आडनावं तरी काय, अशा कुणाच्यातरी हातच्या नोंदीच आहेत. फडणीस, चिटणीस, पारसनीस ही फारसी हुद्द्यांची लेकरं. पोतदार नाणी पारखायचा, किल्लेदार किल्ला राखायचा. हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या १९४९ साली गेल्या. मुंबई राज्यातली परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं. हुद्दे गेले, आडनावं राहिली. आज जहागीरदार भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि किल्लेदारांना रात्री स्वतःच्या फ्लॅटची किल्ली सापडत नाही. पण ज्यांना हुद्दाही नव्हता आणि वतनही नव्हतं, अशा कितीतरी घरांचं आडनाव पहिल्यांदा कागदावर चढलं ते पोराला शाळेत घातलं तेव्हा. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव पडलं: भिवा रामजी आंबेडकर. मूळ गाव आंबडवे. राजानं दिलेलं पत्र नाही, ढाल नाही, सोनेरी वेलबुट्टी नाही. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ. ज्या दिवशी ती लिहिली तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. इतका मान मिळालेलं सरदारकीचं पत्र मला हंगेरीत तरी सापडलं नाही.

माझा नंबर आला तेव्हा मोडीवाचकांनी माझ्या पावत्या दोन मिनिटांत वाचून परत केल्या. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "चिन्हं पाहायचीत ना तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी कपाटातून एका जुन्या महजराची प्रत काढली. महजर म्हणजे वतनाचा किंवा बांधाचा तंटा सुटला की दहा गावकऱ्यांसमोर केलेला निवाड्याचा कागद. खाली साक्षीदारांची नावं. आणि नावांपुढं चित्रं!

पाटलाच्या नावापुढं नांगर. सुताराच्या नावापुढं त्याचं हत्यार. वाण्यापुढं तराजू, न्हाव्यापुढं आरसा, चांभारापुढं रापी. लिहिता येत नसे त्यानं आपल्या हातातलं जे होतं ते काढायचं. 'निशाणी नांगर' असं कारकून शेजारी लिहायचा, की झाली सही.

मी कितीतरी वेळ तो कागद पाहत राहिलो. तिकडं राजानं पत्र दिल्याशिवाय चिन्ह मिळत नव्हतं, आणि मिळालं तर न पाहिलेल्या सिंहाचं. इथं गावातल्या प्रत्येक कामकऱ्याला ते होतं, कुणी न देता, आणि त्यात त्याची रोजची वस्तू होती. नांगर काढणारानं सकाळीच तो धरलेला असायचा. रेघ वाकडी आली तरी ती नांगराची आहे हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"आणि बायका?" मी सहज विचारलं.

"बायकांची निशाणी बांगडी," ते म्हणाले. "नुसतं वर्तुळ. कोर्टातल्या दस्तांवर तर पुष्कळ सापडेल. पण महजरात बाई क्वचित."

घरी येऊन मी वंशावळ काढायला बसलो. मोठा कार्डशीट घेतला, वर मूळ पुरुष, खाली फांद्या. आत्या सांगत होती आणि मी लिहीत होतो. नऊ पिढ्या, एकूण त्रेसष्ट माणसं. एकदाही अडखळली नाही. संध्याकाळी मी सगळं झाड तिला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, दोन ठिकाणी क्रम बदलायला लावला, आणि मग विचारलं, "बरं झालं. याच्यात मी कुठं हाय?"

मी कार्डशीटकडं पाहिलं. त्रेसष्टही पुरुष होते. वंशावळीची रीतच तशी. लेकी दुसऱ्या झाडावर जातात म्हणे. पण आत्याच्या सासरच्यांनीही त्यांचं झाड छापलेलं आहे आणि ते मी पाहिलं आहे. त्यात तिचे मालक आहेत, त्यांच्यापुढं मुलगे आहेत. लग्नात ताटातल्या तांदळावर बोटानं नवं नाव लिहिलं गेलं तेव्हा तिचं पहिलं नाव पुसलं गेलं, आणि दुसरं झाडावर चढलंच नाही. हंगेरीत निराळं होतं असं नाही. तिकडं होर्वात यानोशची बायको जुन्या रीतीनं 'होर्वात यानोशने' व्हायची. नवऱ्याच्या सबंध नावाला एक शेपूट, आत तिचं स्वतःचं एक अक्षर नाही. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असा सरकारी नियम झाला. आत्याचा जन्म त्याच्या नव्वदाहून जास्त वर्षं आधीचा.

"काढू की आत्या," मी म्हणालो, "तुझं नाव घालतो." आणि तिच्या भावाशेजारी, म्हणजे माझ्या वडिलांशेजारी, एक चौकट आखली. नाव लिहिणार तेवढ्यात ती म्हणाली, "पेन हिकडं आन."

तिला सही येत नाही. बँकेत ती अंगठा देते. मी तिला महजरातली गोष्ट सांगितली. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा आणि बायकांची बांगडी. तिला ते काही नवलाचं वाटलं नाही. तिनं पेन मुठीत धरलं, दुसऱ्या हातानं पदर सावरला आणि चौकटीत हळूहळू एक गोल काढला. सुरुवात आणि शेवट काही जुळले नाहीत, मध्ये थोडी फट राहिली. ती जरा वेळ त्याच्याकडं पाहत बसली.

मग म्हणाली, "आनखी तीन चौकटी मार."

मी मारल्या. तिनं एकेकीत एकेक बांगडी काढली. एक तिच्या आईची, दोन तिच्या बहिणींची. प्रत्येकीच्या आधी नाव सांगितलं. लग्नाआधीचं.